बदलीची सुई

त्या दिवशी मी एकोणचाळीस कप उचलले. बश्या वेगळ्याच. एकोणीसशे सत्तरचं दशक संपून किती काळ लोटला, माझे गुडघे गेले, समोर आलेल्या माणसाचं नाव पटकन आठवत नाही, पण तो आकडा डोक्यातून जात नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळले नाही. ज्याने मला ते कप उचलायला लावले त्याच्यावर मी डूख धरला, कित्येक महिने पोटात सांभाळला आणि वेळ येताच काढला. त्याचा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साध्वी समजायला नको.

सरकारने तेव्हा नवी योजना काढली होती. प्रत्येक गावाने आपल्यातलंच एक माणूस निवडायचं, त्याला तीन महिने शिकवायचं, हातात औषधांची पेटी द्यायची, आणि गावाच्या आरोग्याकडे त्याने लक्ष ठेवायचं. दिघाशीने मला निवडलं. मी सातवी पास होते हे एक कारण. दुसरं सरपंचांनी भर सभेत बोलून दाखवलं, "हिचं तोंड गावात वाया चाललंय, सरकारच्या कामाला तरी येल." लोक हसले, मीही हसले. तीन महिने रोज भिवंडीला जाऊन शिकले. जखम कशी धुवायची, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, खोकल्यातला कुठला खोकला घरात ठेवायचा नाही. हे शेवटचं मी जरा जास्तच मन लावून शिकले, कारण तो खोकला माझ्या घरात होता.

माझा धाकटा दीर भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा, सासूबाई आधीच गेलेल्या. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, त्याला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली, त्याच्यासाठी बायकोही मीच बघून आणली. आता त्यांना दीड वर्षाची मुलगी होती. जाऊ आणि मुलगी गावात आमच्याबरोबर, दीर शहरात सहा जणांच्या खोलीत. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा तो घरी यायचा. एका शुक्रवारी त्याच्या रुमालावर मला तांबडा डाग दिसला. दुसऱ्याच दिवशी त्याला धरून भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. क्षय निघाला.

औषध फुकट होतं, बरं होण्यासारखं होतं, फक्त दीड वर्ष नेमाने घ्यायला हवं होतं. घरी खायच्या गोळ्या, आणि आठवड्यातून दोन सुया, मंगळवारी आणि शनिवारी. सुई घ्यायला पेशंटने स्वतः कार्ड घेऊन यायचं, सकाळी दहा ते बारा या वेळात. लागोपाठ दोन दांड्या पडल्या की नाव कापलं जाणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नियम भिंतीवर रंगवलेला होता.

आता हा नियम कुणी केला असेल ते बघा. भिवंडीतली शिफ्ट आठची. सकाळी आठ ते रात्री आठ, किंवा रात्री आठ ते सकाळी आठ, आणि दर शुक्रवारी पाळी बदलते. म्हणजे एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात माणूस बारा तास उभा राहून तारवटल्या डोळ्यांनी दहापर्यंत कुठेतरी बसून राहील आणि सुई घेईल. पण दिवसपाळीत दहा वाजता लूम सोडून निघाला तर परत येईपर्यंत त्याच्या लूमवर दुसरा उभा. क्षय आहे असं मालकाला सांगायची तर सोयच नव्हती, त्याच दिवशी हातात नारळ. भिवंडीत दर दुसऱ्या घरात लूम खडखडत होता, दवाखान्याच्या भिंतीपलीकडेही होता, तरी ज्याने दहा ते बारा ठरवलं त्याच्या कानापर्यंत तो आवाज पोचला नव्हता.

माझं म्हणणं साधं होतं. दहा ते बाराऐवजी सात ते नऊ करा. दिवसपाळीवाले कामावर जाता जाता सुई घेतील, रातपाळीवाले सुटल्यावर घेतील. एकाही माणसाचा लूम जाणार नाही. यात शिकलेल्या माणसाला न कळण्यासारखं काय होतं, मला अजून समजलेलं नाही.

हे सांगायची संधी आली असं मला वाटलं. वरून आदेश आला होता की नव्या धोरणात गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या सूचना घ्याव्यात. दवाखान्याच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. शेलार, कोन, आणखी कुठकुठल्या गावांहून आम्ही आलो. साहेब अन् त्यांची माणसं खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. चहा झाला. मग शिपायाने प्रत्येकाच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला. वर लिहिलं होतं, 'आरोग्य कार्यकर्त्यांच्या सूचना'. खाली सात सूचना. पेट्यांना कुलूप असावं, वर्षाला एक टॉर्च मिळावा, अशा. आमच्यापैकी कुणीही तोंड उघडायच्या आत आमच्या सूचना तयार होत्या. सही करायची जागा पेन्सिलने खूण करून दाखवली होती.

मी उभी राहिले आणि सात ते नऊचं सांगितलं. का, तेही सांगितलं. दिराचं नाव घेतलं नाही, लूमवाले पेशंट म्हणाले.

साहेब कल्याणहून बसने यायचे, पावणेदहाच्या आत कधी पोचायचे नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, किती शिकलात?"

"सातवी."

"मग असं समजा की धोरण आठवीपासून पुढे सुरू होतं."

खुर्च्यांवरची माणसं हसली. आमच्या सतरंजीवरचेही दोघे-तिघे हसले, त्यांचे चेहरे मी लक्षात ठेवलेत. मी बसले नाही. मग साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "उभ्याच आहात तर तेवढे कप गोळा करा."

आणि मी गोळा केले. याचीच मला जास्त चीड येते. कागद फाडून निघून आले असते तर कदाचित विसरलेही असते. पण दिराचं कार्ड त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. म्हणून वाकून वाकून एकेक कप उचलला, मागच्या नळावर विसळला, पालथा घातला आणि कागदावर सही केली. बाहेर पडले तेव्हा दातओठ खाऊन माझा जबडा दुखत होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या माणसाला एक दिवस खाली उतरवीन, असं मी एसटीच्या खांबाला धरून मनाशी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी दीर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, वेळ काही बदलणार नाही, आता कसं करायचं. तो म्हणाला, "वयनी, तू नको काळजी करू. हजेरी लागंल माझी." मालकाने सवड दिली असेल असं मी धरून चालले. खरोखर हजेरी लागत होती. मी महिन्याच्या मीटिंगला जायची तेव्हा कंपाउंडरला विचारायची, तो रजिस्टरवर बोट ठेवून दाखवायचा, एकही दांडी नाही. दिराचीच नाही, लूमवर काम करणाऱ्या सगळ्याच पेशंटांची. साहेबांनी त्याचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. मुंबईपर्यंत बोलबाला झाला की भिवंडीतल्या कामगार पेशंटांइतके नियमित पेशंट कुठे नाहीत. मला तक्ता बघून राग यायचा, कारण त्यामुळे साहेब खरे ठरत होते आणि मी खोटी.

फक्त दीर खंगत होता. गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. गोळ्या मी मोजून बघितल्या, तो नेमाने खात होता. जाऊ मला विचारायची, "बाय, सुई लागू का नाय पडत त्यांना?" मी सांगायची, वेळ लागतो.

मग एका शुक्रवारी दिराबरोबर त्याचा एक सोबती जेवायला आला. यूपीचा माणूस, तिशीतला, दांडगा, हसतमुख. लूमवर दिराचा बदली. हे बदलीचं मला माहीत होतं. लूमवाल्याला एखादे दिवशी जमत नसेल तर त्याने आपला बदली माणूस पाठवायचा. मालकाला लूम चालल्याशी मतलब, कोण उभा आहे ते तो बघत नाही. हजेरी मूळ माणसाची लागते, त्याची जागा शाबूत राहते. फक्त त्या दिवसाची मजुरी बदलीला जाते, म्हणून दर आठवड्याला ते परवडत नाही. आज मी तुझ्या बदलीत, उद्या तू माझ्या. सगळी भिवंडी अशी चालायची.

जेवण झालं. दीर मुलीला कडेवर घेऊन मागे गेला, तेव्हा तो ओटीवर माझ्याजवळ येऊन बसला.

"भाभी, तुम दवाई देती हो ना? मेरे कान में सीटी बजती है. दिन-रात."

"लूम की आवाज से होगा," मी म्हटलं.

"नहीं भाभी. लूम पर तो आठ साल से हूँ. ये दो-तीन महीने से है. चक्कर भी आता है, जैसे नाव में खड़ा हूँ."

मला शिकवणीतला तो दिवस आठवला. क्षयाच्या सुईने कधी कधी कानात आवाज येतात, तोल जातो, असं पेशंटने सांगितलं तर लगेच कळवायचं, असं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. पण हा माणूस ठणठणीत होता.

"कोई सुई ली है?"

"वो तो भाई की बदली में लेता हूँ," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चोरी नव्हती, उलट दोस्तीखातर केलं याचा थोडा तोराच होता. "जब उसकी दिन की पाली रहती है, मैं उसका कार्ड लेकर जाता हूँ. गोली उसको लाकर देता हूँ, एक भी इधर-उधर नहीं. सुई मैं लगवा लेता हूँ. हजेरी तो लगनी चाहिए ना, नहीं तो नाम कट जाएगा."

 मी विचारलं, कंपाउंडर काही बोलत नाही? तो हसला. कंपाउंडर नाव पुकारतो, माणूस पाठ करून उभा राहतो. तो चेहऱ्याकडे बघतच नाही, कमरेकडे बघतो.

आणि तो एकटा नव्हता. दिराने दाखवलेली ही वाट लूमवाल्यांनी एकमेकांना सांगितली होती. सात पेशंट, सात बदली. दोष कुणाला द्यायचा? लूमवर जे चालतं तेच त्यांनी दवाखान्यात चालवलं. दीर इतका भोळा की औषध गोळीत असतं आणि सुई नुसती ताकदीची, असं त्याने मनाशी धरलं होतं. अर्धं औषध त्याच्या पोटात जात होतं आणि उरलेलं अर्धं दर दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्याच्या कमरेत.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. त्याच संध्याकाळी मी दिराला बसवून समजावू शकले असते. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, त्याला दवाखान्यात ढकलत नेऊ शकले असते, लूम गेला तर गेला. ते मला सुचलं नाही असं नाही. पण त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं की मुंबईहून एक मोठ्या डॉक्टरबाई तो तक्ता आणि ते पेशंट बघायला येणार आहेत, तिसऱ्या मंगळवारी. आम्ही सगळ्यांनी स्वच्छ पातळं नेसून यायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ते ऐकून आले आणि तिसऱ्या दिवशी हा माणूस माझ्या ओटीवर बसून कानातली शिट्टी सांगत होता. देवाने ताट वाढून पुढे ठेवलं असं मला वाटलं.

मी मनाची समजूत घातली. आत्ता कळवलं तर कंपाउंडर गुपचूप सातही नावं कापेल, साहेब हात झटकतील, तक्ता तसाच राहील, दहा ते बारा तसंच राहील. यात काही खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला साहेबांना चारचौघांत उघडं पाडायचं होतं, खुर्चीवर बसलेले असताना, त्यांच्या वरच्या माणसासमोर.

शुक्रवार ते मंगळवार, मधले अठरा दिवस मी गप्प बसले. दिराला काही बोलले नाही, जावेला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. दिराला अंडी उकडून दिली, जवळ्याची चटणी बांधून दिली. तेवढ्यात त्याच्या चुकलेल्या सुया तीन. त्या तीन बदलीने घेतल्या, कानात शिट्टी वाजत असताना. त्यालाही मी थांबवलं नाही, थांबवलं असतं तर हजेरीत दांडी पडून सगळं आधीच फुटलं असतं. अठरा दिवस मी काय शिजवत होते ते कुणाला कळलं नाही, आणि मला झोप छान लागत होती.

आदल्या रविवारी शहरात जाऊन मी सातही पेशंटांना एकेक करून गाठलं. सांगितलं, मंगळवारी कसंही करून या, लूमवर दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. बदल्यांना सांगितलं, तुम्हीही नेहमीसारखे रांगेत उभे राहा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. शब्द देण्याची माझी लायकी नव्हती, तरी दिला.

मंगळवारी दवाखाना सारवल्यासारखा लख्ख. मोठ्या बाई आल्या, पिकल्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांनी तक्ता दाखवला, त्यावर हात फिरवून दाखवला. मग कार्यकर्त्यांच्या सूचनांचा तो टाइप केलेला कागद पुढे केला. बाईंनी वाचला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "आणखी काही सांगायचंय का कुणाला?"

"सगळं त्यात आलंय," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "बाई, सांगायचं काही नाही. फक्त सुईची हजेरी तुमच्यासमोर घ्या."

कंपाउंडरने पहिलं नाव पुकारलं. रांगेतून आवाज आला, हजर. दारात उभ्या असलेल्या माझ्या दिरानेही म्हटलं, हजर. कंपाउंडरने पुन्हा पुकारलं. पुन्हा दोन हजर. बाईंनी मान वर केली. दुसरं नाव, पुन्हा दोघे. तिसरं, पुन्हा दोघे. चौथ्या नावाला साहेब खुर्चीतून उठले आणि "हा काय तमाशा आहे" म्हणाले. बाईंनी त्यांना हाताने बसायची खूण केली आणि कंपाउंडरला सांगितलं, वाचत राहा. सातही नावं झाली. एका बाजूला सात धडधाकट माणसं, एका बाजूला सात खोकणारी. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत तो माणूस कसा पांढरा होत गेला ते मी डोळे भरून बघितलं. आजही कधी मन उदास झालं की मी ते आठवते आणि बरं वाटतं.

मग बाई उठून आमच्या सतरंजीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, नियम कसा हवा. साहेबांना म्हणाल्या, तुम्ही लिहून घ्या. दोन तास त्यांनी लिहून घेतलं. कोनची कार्यकर्ती निरक्षर होती, तिचंही. मी मुद्दाम हळू सांगत होते, एकेक वाक्य दोनदा, आणि "लिहिलंत का?" असं विचारत होते. सात ते नऊ. कार्डावर फोटो नको, गावच्या कार्यकर्त्याची ओळख हवी. कानाची तक्रार कुठल्याही माणसाने आणली तर आधी सुई कुठे घेतली ते विचारायचं. मध्ये चहा आला. निघताना मी माझा कप साहेबांच्या पायाशी ठेवला आणि ते उचलतात का बघायला थांबले. खोटं कशाला बोलू, बराच वेळ थांबले. शेवटी शिपायाने उचलला.

महिन्याभरात छापील परिपत्रक आलं. सात ते नऊ. आणखी दोन महिन्यांनी साहेबांची बदली झाली, कुठे तरी लांब, समुद्राच्या टोकाला. मी गावात पेढे वाटले. लोकांना वाटलं परिपत्रकाचे.

दीर सात ते नऊच्या पहिल्या दिवशी रांगेत पहिला उभा होता. महिनाभर त्याला भूकही लागली. मग एकदम रक्त पडायला लागलं. अर्ध्या औषधाने रोग मरत नाही, नुसता चिवट होतो, हे मला नंतर मोठ्या बाईंनी पत्राने कळवलं. त्यांनी असंही लिहिलं की हे आधीच्या सगळ्या महिन्यांत झालं, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. मी त्यांना विचारलं होतं म्हणून त्यांनी लिहिलं. पावसाळा संपता संपता दीर गेला. तेविसावं वर्ष नुकतंच पुरं झालं होतं.

बदली माणूस तेराव्या दिवसाला आला होता. त्याचा एक कान कायमचा गेला होता. तो ओटीच्या कडेला बसून जावेला म्हणाला, "भाभी को तो मैंने पहले ही बता दिया था." तो माझी थोरवी सांगत होता, की हिलाच आधी कळलं, हिनेच सगळं उघडकीला आणलं. जावेने त्याला विचारलं, कधी सांगितलंस? त्याने दिवस सांगितला, शुक्रवार, जेवायला आलो होतो तो. जाऊ आत निघून गेली. मी पुढच्या पडवीत पत्रावळी मांडत होते, मला सगळं ऐकू आलं.

ती मला काहीच बोलली नाही. आठवडे गेले, महिने गेले. एका चुलीवर आम्ही भाकऱ्या करत होतो, तिची मुलगी माझ्याजवळ झोपत होती, आणि ती बोलत नव्हती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याकडे बघायची आणि ओळखायची. ती थांबली होती. असं थांबायचं कसं, मला चांगलं ठाऊक होतं.

वर्ष होत आलं तेव्हा मुंबईहून कागद आला. राज्याच्या आरोग्य धोरणासाठी समिती बसणार होती, तिच्यापुढे म्हणणं मांडायला गावच्या कार्यकर्त्यांतून काही जणांना बोलावलं होतं. मोठ्या बाईंनी माझं नाव सुचवलं होतं. पण गावाचा ठराव हवा. देवळापुढे सभा भरली. सरपंचांनी माझं कौतुक केलं, मग विचारलं, कुणाची हरकत?

बायकांतून जाऊ उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. सगळ्या गावासमोर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुला ठाव झालं तवापासून तू आमाला सांगला तवापर्यंत दिस किती गेलं?"

मी उभी राहिले. "अठरा."

"सुया किती?"

"तीन."

"का न्हाय सांगला?"

इतक्या लोकांत मला एकच उत्तर होतं आणि ते मी दिलं. "साहेबाला पाडायचं व्हतं."

 माझा नवरा माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होता. मला वाटलं आता ती म्हणेल, हिला पाठवू नका. मी त्याला तयार होते, मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण ती माझ्याहून पक्की निघाली.

"माजी हरकत न्हाय," ती म्हणाली. "जाऊ दे तिला. मोठ्या मानसांत बसू दे. पन तिथं पयलं हे सांगल. साहेबाचं मागनं, आपलं पयलं."

ठराव झाला. मी मुंबईला गेले. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, समोर पंधरा-वीस शिकलेली माणसं, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन दिवस मी बोलले. शिफ्टवर बोलले, बदल्यांवर बोलले, दहा ते बारा लिहिणाऱ्या माणसावर बोलले, तेव्हा तर तोंडाला फेस येईपर्यंत बोलले. अठरा दिवसांवर तेवढी बोलले नाही. बरंचसं त्यांनी लिहून घेतलं, त्यातलं थोडं पुढे छापूनही आलं. मोठ्या बाईंनी माझा हात हातात घेतला.

परत आले तेव्हा जाऊ ओटीवर तांदूळ निवडत होती. वर न बघता तिने विचारलं, "सांगलंस?"

मी हो म्हणाले. तिने सूप बाजूला ठेवलं, वर्षानंतर पहिल्यांदा माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाली, चल, जेवून घे.